जुन्या पाळकांचं चरित्र लिहायचं आहे: तारखा जुळत नाहीत, वह्यांवर साल नाही

स्मरणिका_संपादन

नमस्कार. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) स्मरणिकेत पहिल्या देशी पाळकांवर (पास्टरांवर) २४ पानांचा लेख द्यायचा आहे. अमेरिकन मराठी मिशन, अहमदनगर जिल्हा, सेवेचा काळ साधारण १८७० ते १९०५. पाळकपदाबरोबरच उपदेशकांच्या वर्गाला शिकवणं आणि रविवारची शाळा चालवणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती. कुटुंबाची संमती आहे, पण अंक निघेपर्यंत नाव इथे देत नाही.

हाताशी असलेलं साहित्य: बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्यांचे फोटो, उपदेशाच्या मुद्द्यांच्या तीन वह्या (साल कुठेच नाही, त्यातली एक मोडीत), निधनानंतर छापून आलेला मजकूर, एक समूहफोटो आणि नातवंडांकडून ऐकलेल्या गोष्टी.

अडलंय ते असं:
१. मृत्युलेखात "१८७८ साली पाळक झाले" असं आहे, पण १८७४ च्या लग्नांवर त्यांची सही आहे. खरं काय धरायचं?
२. वह्या कोणत्या काळातल्या हे कसं ठरवायचं?
३. "थोर शिक्षक होते" या वाक्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी काय आणि कसं शिकवलं हे कसं दाखवायचं?
४. "हजारोंना बाप्तिस्मा दिला" असं घरी सांगतात. छापावं का?

---

जुनं_दप्तर

पहिल्या प्रश्नात विरोध असेलच असं नाही. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा (त्या वर्षाचा १५ वा) उघडून कलम ६ आणि कलम ९ शेजारी शेजारी ठेवून वाचा. कलम ६ खाली धर्मसेवकाला लग्न लावण्याचा परवाना मिळतो. कलम ९ खाली सरकार कोणाही ख्रिस्ती व्यक्तीला, मग तिला दीक्षा (पाळकपदाचा संस्कार) असो वा नसो, देशी ख्रिस्ती वधूवरांच्या विवाहाचा दाखला देण्याचा अधिकार देऊ शकत असे. खेडोपाडी दीक्षित पाळक पोचत नसत, तिथे शिक्षक किंवा उपदेशक हे काम करत. तेव्हा १८७४ ची सही आणि १८७८ ची दीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

खात्री करायची तर सहीखालचा हुद्दा वाचा. "पाळक" लिहिलंय, "उपदेशक" लिहिलंय, की नुसतं "परवानाधारक"? दुसरा पुरावा सरकारी गॅझेट. हे परवाने दिले किंवा काढून घेतले की त्याची सूचना गॅझेटमध्ये छापावी लागे, त्यामुळे १८७२ ते १८७५ चे मुंबई सरकारचे गॅझेट चाळले तर नाव सापडण्याची शक्यता चांगली आहे. हा मार्ग तुमच्या मिशनसाठी उपयोगाचा. अँग्लिकन पाळकांसाठी गॅझेटमध्ये वेळ घालवू नये, कारण बिशपच्या हातून दीक्षा झालेल्याला कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागत नव्हता.

पायऱ्या नीट वेगळ्या ठेवा. शाळामास्तर, मग उपदेशक (इंग्रजी अहवालात "कॅटेकिस्ट"), मग उपदेश करण्याची अधिकृत परवानगी मिळालेला "लायसेन्शिएट", आणि मग हस्तार्पण (डोक्यावर हात ठेवण्याचा विधी) होऊन दीक्षा. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणारी, त्यामुळे आणखी एक भानगड: दीक्षा एका दिवशी आणि विशिष्ट मंडळीवर नेमणूक दुसऱ्या दिवशी असंही होई. मृत्युलेख लिहिणारा या चार-पाच तारखांपैकी त्याला ठाऊक असलेली एक उचलतो आणि "पाळक झाले" असं लिहून मोकळा होतो. "परवाना मिळाला" एवढंच कुठे लिहिलेलं असेल तर तो उपदेशाचा की लग्नाचा हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून लेखाला हात घालण्याआधी एक तक्ता करा. रकाने पाच: कागदावर जशी आहे तशी तारीख, तिचं इसवी सनातलं रूप, घटना, कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर, आणि खात्री किती (पक्की, बहुधा, ऐकीव). एकाच घटनेच्या दोन तारखा आल्या तर दोन ओळी ठेवा. आपल्या मनाने त्यांची एक करू नका, पुढे तिसरा कागद सापडला की पंचाईत होते.

शक सनाचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून तिथे तिथी बघूनच ठरवा. सरसकट ७८ मिळवले की माघातली नेमणूक वर्षभर मागे सरकते आणि मग "बाप्तिस्म्याआधीच शाळेवर नेमणूक" अशी कोडी तयार होतात.

बाप्तिस्म्याच्या तारखेला वाराची चाचणी लावा. हे संस्कार बहुतेक रविवारच्या उपासनेत होत. उदाहरणार्थ, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, तो रविवारच होता. तुमच्या नोंदीतली तारीख मंगळवारी पडत असेल तर १ आणि ७, किंवा ३ आणि ८ वाचण्यात गफलत झाली का ते आधी बघा.

---

शब्बाथशाळा

वह्यांबद्दल. तिन्ही वह्यांतली सगळी वचनं क्रमाने एका कागदावर उतरवा: पुस्तक, अध्याय, ओवी. मग त्यात सलग येणारे उतारे शोधा. रविवारच्या शाळांसाठी जगभर एकच धडा ठरवण्याची पद्धत १८७३ पासून सुरू झाली. अमुक रविवारी अमुक उतारा, त्यातलं एक सुवर्णवचन पाठ, आणि तिमाहीच्या शेवटच्या रविवारी उजळणी. भारतात १८७६ साली रविवार शाळांचा संघ निघाला आणि ही रचना इकडेही पसरली. त्या धड्यांच्या वर्षवार याद्या जुन्या इंग्रजी मासिकांत आणि टीकाग्रंथांत छापलेल्या आहेत, स्कॅन केलेल्या फुकट मिळतात.

तुमच्या वहीत मार्काच्या शुभवर्तमानातले सहा-सात उतारे ओळीने आणि मग एक "उजळणी" असं दिसलं तर ते यादीशी ताडून पाहा. एखादा उतारा जुळला तर तो योगायोग. चार-पाच ओळीने जुळले आणि उजळणीही त्याच जागी आली तर साल ठरलं म्हणायला हरकत नाही. मात्र मराठी धडे कधी कधी उशिरा हाती येत आणि मंडळी ते महिना-दोन महिने मागे चालवीत, म्हणून साल लिहा, तारीख लिहू नका.

हे उतारे उपदेशाचे नसून धड्याचे आहेत हे कसं ओळखायचं? धड्याच्या टिपणात प्रश्न असतात. "कोण आला? कुठून? त्याने काय मागितलं?" असे. उपदेशाच्या टिपणात मुद्दे असतात, बहुतेक तीन, आणि शेवटी लागू करण्याचा भाग. पानाच्या कोपऱ्यात गावांची आद्याक्षरं आणि आकडे दिसले तर ते पुसट म्हणून सोडू नका. एकच उपदेश कुठे कुठे केला याची ती खूण असते. ती सगळी जमवली की त्यांच्या फिरतीचा नकाशाच हाती येतो, आणि २४ पानांतलं सगळ्यात वाचनीय पान तेच ठरेल.

तिसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच वह्यांत आहे. एक धडा पूर्ण निवडा आणि तो वाचकासमोर उलगडा: उतारा कोणता, प्रश्न किती, त्यातले पाठांतराचे किती आणि विचार करायला लावणारे किती, दृष्टान्त शेतीतला आहे की घरातला, शेवटी कोणतं वचन पाठ करायला दिलं. निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच शब्दशः असतील तर ते पाठांतराचे शिक्षक होते असं बेधडक लिहा. त्यात कमीपणा नाही. ज्या वर्गात निम्म्यांना वाचता येत नसे तिथे तोंडी प्रश्नोत्तर हीच पद्धत चाले. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रश्नोत्तरावली ऐकून ऐकूनच पाठ होत. भजन आणि कीर्तनाचा उपयोगही याच कारणाने झाला. वहीत पदं किंवा अभंगाच्या ओळी असतील तर त्या कुठल्या धड्याशेजारी आहेत ते नोंदवा.

---

मोडीवाचक

मोडी वहीसाठी दोन गोष्टी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, म्हणून माणसांची आणि गावांची नावं एकट्या वाचकाच्या भरवशावर छापू नका. दोघांकडून स्वतंत्र वाचून घ्या आणि जिथे फरक पडेल तिथे नोंदवहीतलं बाळबोध नाव बघा. ही वही उपदेशाची नसून खासगी जमाखर्चाची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ओळीच्या शेवटी रुपये-आणे-पै आहेत का पाहा. असतील तर सोनं हाती लागलंय.

फोटो काढताना वही दाबून सपाट करू नका, शिवण तुटते. खिडकीच्या बाजूने तिरपा उजेड घ्या, पुसट शाई उठून दिसते. कोरी पानंसुद्धा क्रमाने घ्या, नाहीतर पान गळलं होतं की कोरं होतं हे नंतर कळत नाही. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. पृष्ठांक घालायचेच तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात.

---

स्मरणिका_संपादन

दप्तर सर, शब्बाथशाळा ताई, मोडीवाचक, मनापासून आभार. मोडी वहीत ओळीच्या शेवटी आकडे आहेत खरे! म्हणजे हिशेबच दिसतो. त्याचा चरित्राला काय उपयोग?

आणि बाप्तिस्म्याच्या आकड्याबद्दल कोणी सांगेल का? नोंदवहीत १८७७ ते १८७९ मध्ये एकदम खूप नोंदी आहेत. दुष्काळाचा काळ असल्यामुळे "भाकरीसाठी आले" असं कोणी म्हणेल अशी समितीला भीती वाटते.

---

पिंपळगाव_बुद्रुक

आकडा स्वतः मोजा, त्याला पर्याय नाही. नोंदवहीत बाप्तिस्मा कोणी दिला याचा रकाना असतो. फक्त त्यांच्या नावाच्या नोंदी घ्या, आणि प्रौढ व अर्भकं वेगळी मोजा. घरी सांगितल्या जाणाऱ्या मोठ्या आकड्यात बऱ्याचदा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्यांनी दिलेले बाप्तिस्मे, त्यांनी शिकवून तयार केलेल्या पण मिशनरी साहेबांच्या हातून झालेल्यांचे बाप्तिस्मे, आणि त्यांच्या काळातली मंडळीची एकूण संख्या. दीक्षेआधी त्यांनी कितीही लोकांना तयार केलं असलं तरी नोंद दुसऱ्याच्या नावाने पडणार. शिक्षक म्हणून त्यांचं खरं काम त्याच नोंदींमागे आहे, तेव्हा "दिले" आणि "तयार केले" हे दोन आकडे वेगळे छापा. मोजून ३४० निघाले तर ३४० लिहा, हजारो नको.

दुष्काळाचा प्रश्न टाळू नका. १८७६ ते ७८ चा दुष्काळ नगर जिल्ह्याला कुठे विसरता येतो? टाळलंत तर वाचक तो स्वतःच विचारणार. पुरावा तपासायची रीत आहे. मंडळीच्या ठरावांच्या वहीत उमेदवाराने आधी विनंती केल्याची तारीख, परीक्षा घेतल्याची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख सापडली तर मधलं अंतर काढा. मग पाच वर्षांनंतरची, म्हणजे १८८३-८४ ची, प्रभुभोजन घेणाऱ्यांची यादी घेऊन १८७७-७९ मधली किती नावं टिकली ते बघा. गाव सोडून गेलेले आणि मेलेले वेगळे काढा. जे उत्तर येईल ते छापा, मंडळीला सोयीचं असो वा नसो.

नावं जुळवताना घोळ होईल. एकच माणूस "राणू बिन भिवा", "राणोजी भिवाजी" आणि इंग्रजीत आणखी तिसऱ्याच वर्तनीने येतो. गावांचंही तसंच. वडाळा इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि बुद्रुक-खुर्द गाळलं की दोन गावांची माणसं एक होतात. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि बायकोचं नाव यातल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय एक माणूस धरू नका.

एक आगाऊ सूचना. नोंदवहीत पूर्वीच्या जातीचा रकाना असू शकतो आणि ठरावांच्या वहीत कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं, का ठेवलं, हे नावानिशी असतं. त्या घरांची पतवंडं आज तुमच्याच बाकांवर बसतात. एकूण आकडे छापा, इतरांची नावं नकोत.

---

जुनं_दप्तर

हिशेबाच्या वहीचा उपयोग विचारलात. पाळकाच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका प्रश्न म्हणजे त्याला पगार कोण देत होतं. मिशनचा आग्रह होता की मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, आणि मंडळी गरीब. पगाराचा काही भाग मंडळीचा, काही मिशनचा, असं बरीच वर्षं चालायचं. वहीत दरमहा जमा झालेली रक्कम एकाच आकड्याची आहे की दोन तुकड्यांत येते ते पाहा. एखादा तुकडा अनियमित असेल, सुगीनंतर वाढत असेल, तर तो मंडळीचा. धान्याच्या रूपात आलेलं दान रुपयांत धरलंय का तेही बघा. मिशनच्या वार्षिक अहवालातल्या तक्त्यांत प्रत्येक मंडळीचं वर्षाचं दान आणि सभासदसंख्या असते, ती या जमेशी ताडा. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला त्याचं एवढं महत्त्व का, हे अशा वह्या वाचल्यावर कळतं.

अहवाल वापरताना तीन सापळे. १८८० चा अहवाल १८८१ मध्ये छापलेला असतो, मुखपृष्ठावरचं साल घटनेचं समजू नका. शाळेच्या रकान्यात पटावरची मुलं आणि सरासरी हजेरी यांत मोठा फरक असतो, शिक्षकाचं काम मोजायचं तर हजेरी घ्या. आणि इंग्रजी मजकुरात देशी सेवकांची नावं बऱ्याचदा नसतातच, "आमचा हेल्पर", "तिथला नेटिव्ह पास्टर" असं म्हणून गाडी पुढे जाते. त्यामुळे नावाने शोधून काही मिळालं नाही तर गाव आणि महिना धरून शोधा.

कुठे शोधायचं: मिशनच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. बोस्टनचं मिशनरी हेराल्ड हे मासिक स्कॅन केलेलं मिळतं. मराठीत पहिला आधार ज्ञानोदय या नियतकालिकाचा, १८४२ ला नगरहूनच सुरू झालेला. दीक्षाविधी, बदल्या, मृत्यू यांच्या बातम्या त्यात सापडतील. मृत्युलेखाआधी दीक्षेच्या वेळची बातमी शोधा, कारण ती घडल्या आठवड्यात लिहिलेली असते, मृत्युलेख तीस वर्षांनी आठवणीतून.

"सेमिनरी" शब्दाशी जपून. अहमदनगरचं थिऑलॉजिकल सेमिनरी (पाळक घडवणारं धर्मशास्त्राचं विद्यालय) १८७८ चं. त्याआधीच्या कागदांत सेमिनरी दिसलं तर ते तेच समजू नका, आधीच्या शाळा आणि वर्गही त्या नावाने येतात. तुमचे पाळक १८७८ च्या आधी "उपदेशकांच्या वर्गाला" शिकवत असतील तर तसंच लिहा.

---

पुण्याहून_वाचक

हा धागा दुसऱ्या मिशनवाल्यांनीही वाचला तर एक भर. स्कॉटिश मिशनचे पाळक शोधताना एकच मंडळी काळानुसार वेगळ्या नावांखाली येते: १८४३ च्या फुटीपूर्वी चर्च ऑफ स्कॉटलंड, मग फ्री चर्च, १९०० नंतर युनायटेड फ्री चर्च, १९२९ नंतर पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंड. कागद त्या त्या नावाच्या दप्तरात. मेथडिस्टांचं सोपं आहे, वार्षिक कॉन्फरन्समध्ये दरवर्षी नेमणुका जाहीर होऊन छापल्या जातात, त्यावरून कोण कुठे होतं हे वर्षवार लावता येतं.

आणि पाळकबाईंना (पाळकांच्या पत्नींना) विसरू नका. बायकांचा वर्ग, घरोघर जाऊन वाचून दाखवणं, मुलींची शाळा ही कामं त्या करत, पण तक्त्यात त्या "बायबल बाई" म्हणून नुसत्या आकड्यात मोजल्या जातात किंवा नवऱ्याच्या नावाखाली अदृश्य होतात. हिशेबाच्या वहीत चार-पाच रुपयांची वेगळी महिनेवारी जमा दिसली तर ती त्यांची आहे का ते पाहा.

---

स्मरणिका_संपादन

वहीत खरोखरच दोन जमा आहेत, एक ठरावीक आणि एक कमीजास्त होणारी. शिवाय दीक्षेची तारीख आता दोन ठिकाणी सापडली, पण दोन्ही वार रविवार नाहीत! वाराच्या चाचणीत दोन्ही बाद?

---

जुनं_दप्तर

नाही, ती चाचणी बाप्तिस्म्यापुरती. दीक्षेला आजूबाजूच्या मंडळ्यांचे पाळक आणि प्रतिनिधी जमावे लागत, आधी उमेदवाराची तोंडी परीक्षा होई, त्यामुळे ती मिशनच्या किंवा मंडळ्यांच्या सभेच्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारीही होऊ शकते. तुमच्या दोन तारखांत एक-दोन दिवसांचंच अंतर असेल तर पहिली परीक्षेची आणि दुसरी हस्तार्पणाची असण्याची शक्यता आहे. काही महिन्यांचं असेल तर दुसरी नेमणुकीची धरून बघा, आणि त्या महिन्यापासून कमीजास्त होणारी जमा सुरू होते का ते वहीत तपासा. मंडळीचा हिस्सा नेमणुकीनंतरच सुरू होणार.

समूहफोटो राहिला. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो आधी वाचा. बसलेल्यांची आणि उभ्यांची नावं कुटुंबातल्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, आणि जिथे एकमत नाही तिथे फोटोखाली ती जागा रिकामी सोडा.